अजिंठ्याची सरकारी व्यवस्था: लेण्यात चोख, लेण्याबाहेर ढिसाळ

सोमवारी जाऊ नका. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी काढली असेल तर सोमवार वेरूळला द्या. एवढं साधं गणित चुकल्यामुळे फर्दापूरच्या फाट्यावरून तोंड फिरवून जाणाऱ्या गाड्या काही थोड्या नसतात.

हे परीक्षण लेण्यांच्या सौंदर्याचं नाही. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. सरकार हा ठेवा कसा सांभाळतं आणि तो बघायला आलेल्या माणसाला कसं वागवतं, एवढंच इथे तपासलं आहे. या दोन गोष्टींचे गुण वेगवेगळे द्यावे लागतात. पहिलीला पाचपैकी साडेचार, दुसरीला जेमतेम दोन.

आधी दुसरी, कारण तुमची गाठ तिच्याशी आधी पडते. छत्रपती संभाजीनगरहून साधारण १०० किलोमीटर किंवा जळगावहून ६० किलोमीटर आलात की फर्दापूरजवळ फाटा लागतो. खाजगी गाडी इथेच ठेवायची. पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसने. धूर आणि धूळ लेण्यांपासून लांब राहावी म्हणून केलेला हा नियम अगदी रास्त आहे आणि तो पाळलाही जातो. अडचण पुढे सुरू होते. लेणी केंद्राच्या पुरातत्त्व खात्याची, फाट्यावरचा परिसर राज्याच्या पर्यटनाचा, बस एसटीची, भोवतालचा डोंगर वन खात्याचा. त्यामुळे गाडीतळाची पावती वेगळी, परिसराच्या सुविधांची वेगळी, बसचं तिकीट वेगळं आणि लेण्यांचं प्रवेशपत्र वेगळं. चार खिडक्या, चार वेळा सुटे पैसे. एकाच पावतीत हे सगळं बसवणं ही काही अवघड गोष्ट नाही. एका खात्याने दुसऱ्याचे पैसे गोळा करून त्याला पोचते करायचे, घोडं तिथेच अडतं.

प्रवेशपत्र भारतीयांना रोखीने ४० रुपये, ऑनलाइन ३५. परदेशी पाहुण्यांना ६०० आणि ५५०. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. ऑनलाइन तिकीट घरून निघतानाच काढा आणि त्याचं चित्र मोबाइलमध्ये जपून ठेवा. दरीत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, आणि खिडकीसमोर उभं राहून पैसे भरण्याची धडपड करणाऱ्यांमुळेच रांग तुंबते. परदेशी नागरिकत्व घेतलेले नातेवाईक सोबत असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा: दर पासपोर्टावर ठरतो, आडनावावर नाही.

बसमधून उतरल्यावर सुरुवातीलाच पायऱ्यांची चढण आहे. गुडघ्यांचा त्रास असेल तर डोली मिळते. दर आधी ठरवा आणि जाऊन-येऊन ठरवा. वर गेल्यावर वाट बरीचशी सपाट आहे, मधेमधे पायऱ्या. रंगवलेल्या लेण्यांबाहेर पादत्राणं काढावी लागतात, म्हणून बंदाचे बूट टाळा आणि मोजे ठेवा. मार्च ते मे बाहेरचा दगड तव्यासारखा तापतो. पाणी खालूनच भरून न्या.

आता लेण्यात. वाघूर नदीच्या नालाकृती कड्यात ३० लेणी आहेत. त्यांचे क्रमांक वाटेच्या क्रमाने दिलेले आहेत, काळाच्या नाही. ९ आणि १० ही चैत्यगृहं, म्हणजे स्तूप असलेली प्रार्थनागृहं, इसवी सनापूर्वीची, तर १, २, १६, १७ हे रंगवलेले विहार, म्हणजे भिक्षूंचे निवास, वाकाटक राजांच्या काळातले, म्हणजे पाचव्या शतकातले. हा क्रम ठाऊक नसला की सगळेजण १ नंबरपासून सुरुवात करतात, आणि सकाळच्या पहिल्या बसची गर्दी तिथेच साचते. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली आल्या की विचारूच नका. उपाय सोपा आहे: ९ वाजता आत शिरा, १ आणि २ सोडून सरळ १६-१७ कडे चाला, तिथून २६ पर्यंत जा, परतताना १० आणि ९ बघा आणि १-२ जेवणाच्या वेळेला गाठा. एकूण तीन तास तरी हवेत, चार असले तर बरं.

चित्रं असलेल्या मुख्य लेण्यांत एका वेळी ४० माणसांची मर्यादा आहे. दारावरचा रखवालदार थांबवतो, लोक कुरकुरतात. हा नियम का, हे दारावर दोन ओळींत लिहिलं असतं तर निम्मी कुरकुर गेली असती. अजिंठ्याची चित्रं ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. बेसाल्टवर आधी मातीचा जाडसर गिलावा, त्यात भाताचं तूस, गवत, वनस्पतींचे तंतू. त्यावर बारीक गिलावा. त्यावर पांढरा हात. आणि वाळलेल्या पृष्ठभागावर डिंक-सरसात कालवलेले रंग. तांबडा गेरूचा, पिवळा पिवळ्या मातीचा, हिरवा हिरव्या मातीचा, काळा काजळीचा. निळा तेवढा लाजवर्द या निळ्या दगडाचा, तो अफगाणिस्तानाकडून आलेला. म्हणजे रंगाच्या खाली दगडापर्यंत सगळी माती. माणसाच्या श्वासातली वाफ त्या मातीत मुरते, माती फुगते. माणसं गेली, दुपार तापली की ती आकसते. असं रोज झालं की गिलावा दगडापासून सुटतो आणि बाहेरून काही दिसायच्या आधी आतून पोकळ होतो. त्यातच तूस आणि तंतू हे किड्यांचं खाद्य. जुन्या पुस्तकांना लागते ती कसर इथल्या गिलाव्यालाही लागते. वटवाघळांची घाण हा वेगळा ताप, त्यासाठी दारांना जाळ्या आहेत. त्या उघड्या टाकून फोटो काढत उभे राहू नका.

पावसाळ्यात कड्यावरून धबधबे सुटतात आणि दरी अप्रतिम दिसते. पण डोंगराच्या भेगांतून झिरपणारं पाणी हाच चित्रांचा सर्वांत जुना शत्रू. लेण्यांच्या माथ्यावरचं पाणी चर काढून वळवणं, भेगा बुजवणं, सुटू पाहणारे कातळ बांधून घेणं ही कामं सतत चालू ठेवावी लागतात. पाहुण्याला ती दिसत नाहीत आणि त्यांच्या फिती कोणी कापत नाही. साडेचार गुण आहेत ते या न दिसणाऱ्या कामाला.

त्याहून मोठं काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनशाखेचं आहे, आणि ते समजायला थोडा इतिहास लागतो. अजिंठ्याचं नुकसान दुर्लक्षाने झालं तसं काळजीनेही झालं. मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन इथे नकला करत होते. रंग स्पष्ट दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर वार्निश चढलं. पुढे निजाम सरकारने आपल्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली चेक्कोनी आणि ऑर्सिनी या इटालियन जाणकारांना १९२० ते १९२२ या काळात बोलावलं. सुटलेला गिलावा त्यांनी पुन्हा भिंतीला धरून दिला. तो त्यांनी धरला नसता तर आज बघायला फार कमी उरलं असतं. पण वर दिलेला लाखेचा थर वर्षं जातील तसा पिवळा पडत गेला, त्यावर धूळ आणि काजळी चिकटली, आणि आकाशाचा निळा शेवाळी दिसू लागला. आता खात्याच्या रसायनतज्ज्ञांचं काम आहे ते थर उतरवण्याचं. बोटाच्या पेराएवढ्या जागेवर द्रावक लावून बघायचा, कापसाच्या बोळ्याने टिपायचा, खालचा रंग ढिला होतोय असं वाटलं तर तिथेच हात थांबवायचा. ९ आणि १० मध्ये काजळीखालून जुनी चित्रं बाहेर आली ती या पद्धतीने. १० च्या उजव्या भिंतीवर षड्दंत जातक आहे, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मातली सहा सुळ्यांच्या हत्तीची कथा. डोळे अंधाराला सरावेपर्यंत दोन मिनिटं काही न बघता उभे राहा, मग हत्ती एकेक करून उलगडतात.

याच लेण्यात एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ही तारीख नावासकट कोरून ठेवली आहे. ती डोक्याच्या बरीच वर आहे, कारण तेव्हा लेणं मलब्याने भरलेलं होतं. वारसा बिघडवणाऱ्याला आजच्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. स्मिथसाहेब त्याआधीच सुटले.

दिवे मंद आहेत म्हणून तक्रार करू नका, ते मुद्दाम मंद आहेत. फ्लॅश चालत नाही, मोबाइलचा टॉर्चही मारू नका. १ नंबरमध्ये गाभाऱ्याकडे तोंड करून उभे राहिलात की डावीकडे पद्मपाणी, उजवीकडे वज्रपाणी, हे दोन प्रसिद्ध बोधिसत्त्व. गर्दी डावीकडे असते, म्हणून आधी उजवीकडे जा. १७ मध्ये उजव्या भिंतीवर सिंहल अवदान, म्हणजे सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची कथा, आणि व्हरांड्याच्या डाव्या टोकाला भवचक्र, म्हणजे जन्म-मरणाचं चाक. २६ मध्ये डाव्या बाजूला महापरिनिर्वाणाची ती विशाल मूर्ती. हे इथे सांगावं लागतं, कारण जागेवरचे फलक लेण्याची लांबी-रुंदी बिनचूक सांगतात आणि कोणत्या भिंतीवर कोणती कथा आहे याबद्दल फारसं बोलत नाहीत. १६ मध्ये वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे. महाराष्ट्राच्या इतिहासातला एवढा मोठा दस्तऐवज आणि त्याचा मराठी अनुवाद शेजारी मोठ्या अक्षरात नाही, ही हलगर्जी आहे. मान्यताप्राप्त गाइड घ्या, ओळखपत्र बघून घ्या, आणि तो भिंतीकडे काठी किंवा बोट नेऊ लागला तर थांबवा.

शेवटी फाट्याजवळचं अभ्यागत केंद्र. कल्पना उत्तम होती. जपानच्या कर्जातून झालेल्या अजिंठा-वेरूळ प्रकल्पात १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या मूळ आकाराच्या प्रतिकृती उभ्या राहिल्या, २०१३ मध्ये केंद्र सुरू झालं. लोकांनी हवं तेवढा वेळ तिथे घालवावा, फोटो काढावेत, कथा समजून घ्याव्यात आणि खऱ्या लेण्यात थोडा वेळ थांबावं, असा हिशेब. ४० माणसांच्या नियमाला यामुळे खरा आधार मिळाला असता. मग काही वर्षांतच पाण्याची आणि विजेची बिलं थकली आणि केंद्राला टाळं लागलं. अजिंठ्याच्या नकलांच्या नशिबातच काहीतरी असावं. मेजर रॉबर्ट गिल या चित्रकाराने वीसेक वर्षं खपून केलेल्या बहुतेक नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनगृहात १८६६ च्या आगीत गेल्या. ग्रिफिथ्सच्या बऱ्याच नकला १८८५ मध्ये लंडनच्याच साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. आपल्या नकलांना आगही लागली नाही, बिल पुरलं. इमारतीला कर्ज मिळतं, तिच्या दिव्यांना आणि नळांना दरवर्षी लागणारा पैसा कोणाच्या खात्यातून जायचा, हे बांधण्याआधी कोणी ठरवलेलं नसतं.

तेव्हा निघण्याआधी पर्यटन महामंडळाला फोन करून केंद्र चालू आहे का, ते विचारा. चालू असेल तर सकाळी लेणी आटोपून दुपारच्या उन्हात तिथे बसा. सकाळी ज्या कथेसमोर दोनच मिनिटं मिळाली ती तिथे निवांत वाचता येईल. बंद असेल तर तो वेळ १७ नंबरला पुन्हा एकदा रांग लावण्यात घालवा, आणि परतीची बस चारच्या आत पकडा. त्यानंतर सगळेच खाली उतरतात.