घरीच उभी केलेली १९६९ ची एअर-कूल्ड बीटल: ११ महिने आणि ६४०० किलोमीटरनंतर

आधी सरळ सांगते, गाडी रोज चालतेय. अधूनमधून फिरवायला काढायची अशी ठेवलेली नाही, कामाला जाते, पावसात जाते, घाटही चढते. १९६९ ची फोक्सवॅगन बीटल, १५०० चं इंजिन म्हणजे मोजून १४९३ सीसी आणि ४४ हॉर्सपॉवर, चार सिलेंडर दोन-दोन करून आडवे झोपलेले आणि सगळं मागच्या बाजूला. रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, कूलंट नाही. मी आणि दादाने दीड वर्ष सुट्टीच्या दिवशी काम करून ती घरीच उभी केली आणि गेले ११ महिने मी चालवतेय, आता ६४०० किलोमीटर झाले, म्हणून म्हटलं नीट लिहावं, कारण काम सुरू करण्याआधी मला असं कोणी सांगितलं असतं तर निदान दोन महिने वाचले असते.

मला भेटणारा प्रत्येकजण इंजिनाबद्दल विचारतो, पिस्टन कुठले टाकले, कॅम कुठला, कार्ब्युरेटर डबल केला का. कोणीही पत्र्याबद्दल विचारत नाही. आणि माझा सगळा अनुभव एका वाक्यात सांगायचा तर या गाडीत पत्रा आणि रबर हीच कूलिंग सिस्टीम आहे, इंजिन त्याच्या आत बसलंय इतकंच.

हे आम्हाला कसं कळलं ते सांगते. गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली तेव्हा इंजिन मस्त वाजत होतं, पण अर्धा तास चालवली की सिग्नलला उभं राहिल्यावर ऑइलचा दिवा लुकलुकायचा. डिपस्टिकच्या जागी बसणारा थर्मामीटर टाकून बघितलं तर ऑइल ११५ डिग्रीच्या वर. दादा म्हणाला बेअरिंग गेलं असेल, मी म्हटलं ऑइल पंप, दोघंही चूक. झालं काय होतं, की इंजिन आणि इंजिनच्या खोलीची कडा यांच्यामधे चारी बाजूंनी एक रबर असतं, ते जुनं कडक होऊन तुटलं होतं आणि आम्ही ते "नंतर बघू" म्हणून न बसवताच इंजिन चढवलं होतं. शिवाय स्पार्क प्लगच्या वायरी पत्र्यातून आत जातात तिथल्या गोल रबरी चकत्या दोन ठिकाणी नव्हत्याच.

आता हे का महत्त्वाचं. मागच्या काचेखाली ज्या जाळ्या आहेत तिथून थंड हवा इंजिनच्या खोलीत येते, पंखा ती ओढतो आणि सिलेंडरभोवतीच्या पातळ धातूच्या कडांवरून खाली ढकलतो, तापलेली हवा गाडीच्या खालून बाहेर जाते. म्हणजे वर थंड, खाली गरम, आणि दोघांच्या मधे फक्त हा पत्रा आणि हे रबर. फट राहिली की खालची तापलेली हवा पंखा परत वर ओढतो आणि तीच पुन्हा इंजिनावर मारतो. वायरींच्या चकत्या नसतील तर पंख्याने ढकललेली हवा सिलेंडरवरून जायच्या आधीच भोकातून पळून जाते. आम्ही रबर बसवलं, चकत्या बसवल्या, कार्ब्युरेटरखालचा एक छोटा पत्रा आधीच्या मालकाने काढून टाकलेला होता तो शोधून लावला, आणि त्याच रस्त्यावर तेवढ्याच उन्हात ऑइल १०० च्या आत आलं. इंजिनाला हातही न लावता! त्या दिवशी संध्याकाळी मी तीनदा थर्मामीटर पुसून परत वाचला, खरंच वाटेना.

थर्मोस्टॅटचंही तसंच. उजव्या बाजूला सिलेंडरखाली एक पितळी भाता असतो, तो ६५ ते ७० डिग्रीला फुगतो आणि वरच्या पंख्याच्या घरातल्या झडपा उघडतो. बऱ्याच गाड्यांत तो काढून टाकलेला सापडतो कारण लोकांना वाटतं हवा कायम पूर्ण उघडी असली म्हणजे इंजिन जास्त थंड राहील. आमच्याही गाडीत नव्हता. पण इंजिन सकाळी लवकर गरम होणंही तितकंच गरजेचं आहे, नाहीतर ऑइलमधला ओलावा उडत नाही आणि ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरट साय जमते. भाता आणि झडपा परत बसवल्यापासून ती साय गेली, आणि चोक सुटल्यावर गाडी जी पाच मिनिटं आचके द्यायची ते पण थांबलं.

तीन नंबरचा सिलेंडर ही या इंजिनाची जुनी दुखरी जागा. १९७१ च्या आधीच्या इंजिनात ऑइल कूलर पंख्याच्या घरातच डावीकडे उभा असतो, त्यामुळे तीन नंबरला जी हवा मिळते ती आधीच कूलरमधून तापून आलेली असते. कंपनीलाही हे माहीत होतं, डिस्ट्रिब्युटरमधे तीन नंबरच्या ठिणगीचं टायमिंग मुद्दाम किंचित मागे ठेवलेलं असायचं आणि १९७१ पासून कूलरच त्या वाटेतून बाजूला सरकवून त्याची गरम हवा वेगळी बाहेर काढली. आमचं इंजिन आधीचं, म्हणून मी टॅपेट सेटिंगची, म्हणजे वॉल्व आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातल्या फटीची, वही ठेवते. इंजिन रात्रभर थंड झालेलं पाहिजे, गॅप ०.१५ मिलिमीटर. एक नंबरचा पिस्टन टॉपला, म्हणजे अगदी वर आणायचा, मग पुली उलटी अर्धा फेरा, दोन नंबर, परत अर्धा फेरा, तीन, परत अर्धा, चार. फायरिंग ऑर्डर १-४-३-२ आहे ना, म्हणून उलटं फिरवलं की क्रमाने १-२-३-४ मिळतात, एकदा डोक्यात बसलं की वीस मिनिटांचं काम आहे. नुसता गॅप लावून मोकळं होऊ नका, लावायच्या आधी किती होता ते लिहून ठेवा. तीन नंबरचा एक्झॉस्ट वॉल्व दर वेळी घट्ट झालेला सापडायला लागला तर त्याचा अर्थ वॉल्व ताणला जातोय किंवा तो जिथे टेकतो त्या सीटमधे रुततोय, आणि ताणलेल्या वॉल्वचं डोकं तुटून पिस्टनवर पडलं की इंजिन गेलं. माझ्या वहीत आत्तापर्यंत चार नोंदी आहेत आणि तीन नंबर जागेवर आहे.

ऑइल फक्त अडीच लिटर, आणि फिल्टर नाही, नुसती जाळी. याच ऑइलवर इंजिन थंड ठेवायचीही जबाबदारी आहे. पुस्तकात ५००० किलोमीटर लिहिलंय, मी ३००० ला बदलते. इथे माझ्या हातून एक नुकसान झालं ते सांगते. जाळीखालची गोल प्लेट सहा बारीक नटांवर असते, त्यांना ७ न्यूटन-मीटर म्हणजे जेमतेम मनगटाचा जोर पुरतो. मी लिकेजच्या भीतीने जास्त आवळले आणि एक स्टड आट्यांसकट बाहेर आला. क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा आहे, मऊ असतो, त्याचे आटे लोखंडासारखे सहन करत नाहीत. नवीन आट्यांची स्प्रिंग बसवावी लागली. टॉर्क पाना छोट्या मापाचाही घ्या, फक्त मोठा घेऊन भागत नाही.

मोठ्या मापाचा तर लागतोच. फ्लायव्हीलचा मधला नट ३६ मिलिमीटरचा आणि टॉर्क साधारण ३४० न्यूटन-मीटर. दादा लांब पाइप लावून लटकला होता आणि मी फ्लायव्हील अडवून बसले होते. पण त्याआधी क्रँकशाफ्टचा पुढे-मागे होणारा खेळ मोजायचा असतो, तो ०.०७ ते ०.१३ च्या मधे हवा, त्यासाठी तीन शिम (पातळ चकत्या) असतात आणि तीनच असतात, जाडी बदलायची, संख्या नाही. आमच्या जुन्या इंजिनात दोनच निघाले. डायल गेज मिळेल तिथून मिळवा, अंदाजाने हे करू नका, पुली हाताने ओढून "ठीक वाटतंय" म्हणणं म्हणजे काही मोजणं नाही.

गंजाबद्दल थोडक्यात सांगणं शक्य नाही पण प्रयत्न करते. दारांखालचे जे दोन पोकळ पाट आहेत ते गरम हवा पुढे नेतात आणि बॉडीचा भारही तेच घेतात. ते आतून कुजतात, बाहेरून रंग चकचकीत. आमच्याकडे डावा पाट बाहेरून गुळगुळीत होता, लोहचुंबक लावला तर चिकटेना, सगळी लांबी (पुट्टी) भरलेली. कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरके पाइप वेल्ड करून घ्या. आम्ही उजव्या बाजूला ते केलं, डाव्या बाजूला वाटलं एवढ्याशा कामाला कशाला, आणि डावं दार आजही लावताना किंचित उचलून लावावं लागतं. बॅटरी मागच्या सीटखाली उजवीकडे असते, तिच्याखालचा पत्रा ॲसिडने हमखास गेलेला असतो, तो तर बदलाच, पण बॅटरीवर झाकण आहे का ते पण बघा. सीटच्या स्प्रिंगा लोखंडी आहेत, कोणी जड माणूस बसला आणि स्प्रिंग टर्मिनलला टेकली की आग लागते.

आगीचा विषय निघालाच आहे तर पेट्रोलच्या नळ्या. इंजिनच्या खोलीत पेट्रोल आणि ठिणगी शेजारी-शेजारी राहतात. कार्ब्युरेटरमधे जी पितळी नळी ठोकून बसवलेली असते ती वर्षानुवर्षांच्या थरथरीने सैल होते आणि एक दिवस पाइपसकट निघून येते. बोटांनी फिरवून बघा, फिरली तर गाडी चालवू नका. नळ्या सगळ्या नवीन, क्लॅम्पसकट, फिल्टर डिस्ट्रिब्युटरच्या वर लटकता नको. मॅग्नेशियम एकदा पेटलं की पाण्याने उलट भडकतं. अग्निशामक गाडीत ड्रायव्हरच्या हाताशी ठेवा, पुढच्या डिकीत नको.

पार्ट मिळतात का, तर हो, आणि त्याचं कारण संख्या. १९७२ च्या फेब्रुवारीत या गाडीने फोर्डच्या मॉडेल टी चा दीड कोटींचा आकडा मागे टाकला, मेक्सिकोत प्वेब्लाला शेवटची गाडी ३० जुलै २००३ ला निघाली तोवर एकूण २ कोटी १५ लाखांच्या वर झाल्या होत्या. पण "बीटलचा पार्ट द्या" म्हणून मागू नका, वर्ष सांगा, कारण दिसायला तीच गाडी आत मात्र सतत बदलत गेली, ६ व्होल्टची १२ झाली, पुढचं किंगपिन जाऊन बॉल जॉइंट आले. आणि नवीन म्हणजे चांगला असं नाही. नवीन आणलेला डिस्ट्रिब्युटरचा कंडेन्सर ४०० किलोमीटरमधे गेला, गाडी रस्त्यात बंद, शेवटी डब्यात टाकून दिलेला जुना मूळ कंडेन्सर लावला तो आजपर्यंत चालू आहे. आता मी जुनं काहीही नवीन पार्ट निदान हजार किलोमीटर चालल्याशिवाय फेकत नाही.

चालवायला कशी, तर हळू चालवणाऱ्याला फार छान. तिसऱ्या गिअरमधे घाट एका लयीत चढते. वळणात मधेच ॲक्सिलरेटर सोडू नका, आमचा मागचा ॲक्सल जुन्या पद्धतीचा आहे, चाकं आत मुडपतात आणि मागची बाजू सुटते. पुढच्या चाकात मागच्यापेक्षा बरीच कमी हवा लागते, आम्ही १८ आणि २७ ठेवतो, आणि सुरुवातीला चारही चाकांत सारखी भरली होती तेव्हा स्टिअरिंग सारखं भटकत होतं. ड्रम ब्रेक पुरेसे आहेत पण दर दोन-तीन हजार किलोमीटरला ॲडजस्ट करावे लागतात. काचेवर पाणी मारायला स्पेअर चाकातली हवा वापरलीय, मोटरच नाही, मला ही कल्पना अजून आवडते.

लाल दिवा लागला तर तिथल्या तिथे थांबा, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवलंय. दुसऱ्या गाडीत तो दिवा म्हणजे चार्जिंग गेलं, घरी जाऊन बघू. इथे जो बेल्ट डायनमो फिरवतो तोच पंखा फिरवतो, बेल्ट तुटला की हवाच बंद. बेल्ट, २१ चा पाना आणि स्क्रूड्रायव्हर कायम गाडीत. ताण कमी-जास्त करायला पुलीच्या दोन अर्ध्यांमधले शिम काढायचे किंवा घालायचे, उरलेले बाहेरच्या बाजूला त्याच नटाखाली ठेवायचे म्हणजे हरवत नाहीत, अंगठ्याने दाबला की साधारण १५ मिलिमीटर दबला पाहिजे. मी हे एकदा अंधारात मोबाइलच्या उजेडात केलंय, पंधरा मिनिटं लागली.

सध्याची तक्रार एकच. दोन नंबरच्या पुशरॉड ट्यूबमधून (वॉल्व हलवणारी दांडी जिच्यातून जाते ती नळी) ऑइल पाझरतंय आणि ते हीटरच्या डब्यावर पडतं, त्यामुळे हीटर लावला की आत जळका वास येतो. चूक आमचीच, ट्यूब बसवायच्या आधी ओढून १९० ते १९१ मिलिमीटर करायच्या असतात, ही एक मोजायची राहिली. स्प्रिंगवाली दुमडती ट्यूब मिळते, ती हेड न काढता बसते, दादाचा आग्रह तोच आहे. पण मला हेड काढून दोन नंबरची सीट पण बघायची आहे, त्यामुळे पुढच्या सुट्टीला इंजिन खाली येणार, चार बोल्ट, एक जॅक, आणि यावेळी आठही ट्यूब मी स्वतः मोजणार.