विंटर टायरची तारीख आतल्या बाजूला होती आणि मी बाहेरूनच बघून पैसे दिले

सेकंडहँड विंटर टायर घ्यायचा विचार करत असाल तर आधी हे वाचा. मी स्वतःला जरा हुशार समजत होतो म्हणूनच फसलो, काहीच माहिती नसती तर कदाचित गपचूप नवे घेऊन मोकळा झालो असतो.

टायरवाला म्हणाला एका गिऱ्हाईकाने गाडी विकली, चारही टायर एकच हिवाळा चाललेत. चारही एकाच कंपनीचे, एकच मॉडेल, साईज माझ्या गाडीची. मी घरून अभ्यास करून गेलेलो. नुसतं एम+एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर भुलायचं नाही, ते कंपनी स्वतःच छापते, त्याला बर्फावरची टेस्ट पास करावी लागत नाही, तीन शिखरांचा डोंगर आणि आत बर्फाची चांदणी असं चिन्ह पाहिजे. ते होतं. मग त्याने स्वतःहून गेज काढून ट्रेड, म्हणजे टायरच्या नक्षीची खोली, मोजून दाखवला, चारही चाकांवर ७ मिमी. नवा विंटर टायर साधारण ८-९ मिमीचा असतो आणि ४ च्या खाली गेला की बर्फात कामाचा नाही, म्हणजे ७ म्हटल्यावर मी खूश. तोपर्यंत टायर त्याच्या माणसाने गाडीला चढवलेही होते, "तुम्ही चहा घ्या तोवर" म्हणत. टायर कधी बनला ती तारीख बघायची तर मी उजवीकडे वाकून बघितली, टायरवर डीओटीने सुरू होणारा कोड असतो त्याच्या शेवटी २८२३, म्हणजे २०२३ चा २८वा आठवडा. पुढचं बघितलं, मागचं बघितलं, दोन्ही तेच. डावीकडे तारीख दिसेना तर तोच म्हणाला, अहो त्या बाजूला आत येते. आणि गंमत म्हणजे हे खरंच आहे! असे व्ही नक्षीचे टायर एकाच दिशेने फिरवायचे असतात, साईडला बाण असतो, आणि आठवडा-साल बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला छापलेलं असतं, त्यामुळे एका बाजूच्या चाकांवर ते बाहेर दिसतं आणि दुसऱ्या बाजूच्या चाकांवर आत जातं. बोलला ते खोटं नव्हतं म्हणून मी मान डोलावली आणि पैसे दिले.

पहिला बर्फ पडला तेव्हा कळलं. हळू चाललो होतो, समोर सिग्नल, ब्रेक दाबला तर एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) कडकड करायला लागलं आणि गाडीचं तोंड उजवीकडे वळायला लागलं. मला वाटलं रस्ता तसा असेल. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच, दरवेळी उजवीकडेच. अलाइनमेंट गेली असेल म्हणून दुसऱ्या गॅरेजला नेली, तिथल्या माणसाने गाडी लिफ्टवर घेतली, डाव्या चाकाच्या आतल्या बाजूचा चिखल फडक्याने पुसला आणि मला बोलावलं. १६१४. मागचंही १६१४. २०१४ चे टायर! म्हणजे दोन सेट होते आणि त्याने चांगली जोडी तारीख दिसेल त्या बाजूला लावली, म्हातारी जोडी तारीख लपेल त्या बाजूला.

मग ७ मिमी कसे? कारण ते चाललेच नव्हते फारसे, कुठेतरी पडून होते. गेजला खोली कळते, रबर कळत नाही. विंटर टायरचं सगळं काम त्या मऊ रबरावर असतं, ७ अंशांच्या खाली साधा टायर कडक होतो आणि हा मऊ राहतो म्हणून तर घ्यायचा, आणि वय झालं की तोच मऊपणा जातो. त्या माणसाने मला नख दाबून बघायला लावलं. उजवीकडच्या टायरमध्ये नख रुतलं, डावीकडे प्लॅस्टिकच्या बादलीवर दाबल्यासारखं. नक्षीच्या ठोकळ्यांच्या बुडाशी केसाएवढ्या भेगा होत्या, वरून टायर पॉलिश मारलेलं त्यामुळे माझ्या डोळ्याला काळेभोर नवे दिसलेले. डावीकडे पकड कमी, उजवीकडे जास्त, ब्रेक मारला की गाडी पकड असेल तिकडे ओढणारच.

त्यामुळे टायर जमिनीवर असतानाच बघा, रिमवर चढवायच्या आधी. चारही, दोन्ही बाजूंनी, स्वतः फिरवून. चारही तारखा बिलावर लिहून घ्या, माझ्या बिलावर फक्त "विंटर टायर ४" एवढंच होतं आणि भांडायला गेलो तेव्हा त्याने तेच पुढे केलं. "तुम्ही बघून घेतलेत ना?" आधीच चढवून ठेवलेत म्हणाला तर काढायला लावा, लाज वाटून घेऊ नका, मला तेवढीच नडली.

बरीच बोलाचाली झाल्यावर त्याने डावी जोडी परत घेऊन अर्धे पैसे दिले. मीही सुटलो म्हणून निघालो, आणि घरी पोचल्यावर डोक्यात आलं की ते दोन टायर मी त्याच्याच हातात देऊन आलो, ट्रेड अजून ७ मिमी आणि पॉलिशही शाबूत.