रंकाळ्याची फेरी की तालमीतले जोर?

बीपी आणि कोलेस्टेरॉल दोन्ही वाढलेल्याला कोल्हापुरात दोन सल्ले हमखास मिळतात: पहाटे रंकाळ्यावर चालायला जा, नाहीतर तालमीत जोर-बैठका मार.

माझं मत, सुरुवात रंकाळ्यापासून करा. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग पुरे. रोज 30 मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. काही महिन्यांत रक्तदाब थोडा उतरतो, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली एक चरबी घटते, चांगलं कोलेस्टेरॉल किंचित वाढतं. वाईट कोलेस्टेरॉल मात्र नुसत्या चालण्यानं फारसं हलत नाही. त्यासाठी मटणाची चरबी, लोणी आवरावं लागतं आणि डॉक्टरांनी दिली असेल तर गोळीही चालू ठेवावी लागते. चालतोय म्हणून परस्पर गोळ्या बंद करणारे पाहिले की जीव तुटतो.

तालमीतला खरा धोका श्वासात आहे. जोर लावताना श्वास कोंडला की रक्तदाब क्षणात उसळतो. तरी ताकदीचा व्यायाम टाळू नका. आठवड्यातून दोनदा, हलका, जोर लावताना श्वास सोडत करा.

बीपीच्या काही गोळ्या नाडी मंद ठेवतात, म्हणून नाडी मोजून वेग ठरवू नका. बीपीचा वरचा आकडा 180 किंवा खालचा 110 च्या पुढे असेल, त्या दिवशी फेरीही नको आणि जोरही नकोत, आधी डॉक्टर. छातीत दाब आला, चक्कर आली, तर जिथं आहात तिथंच थांबा आणि मदत मागा.