पाचवा आकडा बघा: पेटंटच्या नावाखाली माझे १,३४,००० रुपये गेले

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. बेळगावच्या उद्यमबागेत एकवीस वर्षं माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, तीन माणसं कामाला आहेत, जीएसटी मी स्वतः भरतो. 'तुमचं पार्सल कस्टमला अडकलंय' म्हणणाऱ्यांना मीच दोन शिव्या घालून फोन ठेवतो. त्यामुळे 'तुला एवढं कसं कळलं नाही' हे ज्यांना विचारायचंय त्यांनी खुशाल विचारा. घरात रोज विचारतातच.

वस्तू काय होती ते सांगतो, नाहीतर कुणाला वाटेल हवेतल्या गोष्टीला पैसे घातले. माझा मेहुणा तीनचाकी इलेक्ट्रिक लोडर चालवतो. भाजीचा माल भरून चढाला लागला की मोटर तापायची. दोन वर्षांत तीनदा त्याची मोटर माझ्या टेबलावर आली. खोलली की तोच जळक्या वॉर्निशचा वास. स्लॉटमधली, म्हणजे लोखंडाच्या खाचेतली, तार ठीक; स्लॉटच्या बाहेर आलेले वळसे, ज्याला वाइंडिंगचं डोकं म्हणतात, ते काळे. ते तसंच होणार की. स्लॉटमधली उष्णता लोखंडातून बॉडीकडे जाते, बाहेरच्या वळशांभोवती नुसती हवा. म्हणून मी आत नागमोडी पोकळी ठेवून अॅल्युमिनियमची बॉडी ओतून घेतली आणि निम्मं पाणी निम्मं ग्लायकॉल आधी वाइंडिंगच्या डोक्याभोवतीच्या कड्यातून फिरवून मग बॉडीत सोडलं. पहिली दोन कास्टिंगं पाझरली. तिसऱ्यात हवा भरून बादलीत बुडवलं आणि पाच मिनिटं एक बुडबुडा वर आला नाही. त्या दिवशी मेहुण्याने अर्धा किलो कुंदा आणला. पूर्वी त्याच चढावर, तेवढ्याच मालाला वाइंडिंगमधला सेन्सर १४८ अंश दाखवायचा, तो ९६ वर थांबला. तारेच्या क्लास एफ इन्सुलेशनची हद्द १५५ अंश. म्हणजे आम्ही आजवर काठावरूनच चाललो होतो.

याचं पेटंट काढून देतो म्हणणारा माणूस भेटला वर्कशॉपवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. दुसऱ्याच दिवशी कोल्हापूरहून दुकानात हजर. कार्डावर 'पेटंट कन्सल्टंट'. हा शब्द लक्षात ठेवा. कायद्यात आहे तो पेटंट एजंट. त्याला परीक्षा द्यावी लागते, रजिस्टरला नाव असतं, नोंदणी नंबर असतो, आणि ते रजिस्टर पेटंट कार्यालयाच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येतं. कन्सल्टंट तुम्हीही होऊ शकता, माझा मेहुणाही होऊ शकतो.

त्याने चहा घेतला, मोटर हातात घेऊन बघितली, शुद्ध मराठीत बोलला. मी विचारलं, अर्ज कुठं करायचा? तर म्हणाला, "काका, तुम्ही बेळगावचे म्हणून नियमाने तुम्हाला चेन्नईला ढकलतात. तिथं तुमचं कोण ऐकणार? आपण मुंबईत घालू. तिथं आपली माणसं आहेत."

तिथंच मी गेलो.

आम्हा बेळगावकरांना मुंबई म्हटलं की काय होतं ते बाहेरच्याला कळणार नाही. १९५६ पासून घरात तेच ऐकत वाढलोय. सातबाऱ्यापासून लाइट बिलापर्यंत सगळं कन्नडमध्ये, आणि समोर एक पोरगा सांगतोय की तुमच्या मोटरचा कागद तरी मुंबईला जाईल. मला उगाच भरून आलं. बायको आतून म्हणाली, "अहो, पण नियम चेन्नईचा आहे तर मुंबई कशी चालेल?" मी तिला गप्प बसवलं. आज ते वाक्य ती रोज परत म्हणत नाही हे तिचे उपकार.

खरं काय ते आता पाठ झालंय. भारतात पेटंटची चार कार्यालयं आहेत: कोलकाता, दिल्ली, मुंबई, चेन्नई. तुमचा पत्ता आणि धंदा जिथं, त्यावर कार्यालय ठरतं. कर्नाटक चेन्नईकडे. तुम्हाला मराठी येतं म्हणून फाइल मुंबईला जात नाही. अर्ज तर कुठंही केला तरी इंग्रजीत नाहीतर हिंदीतच होतो, मग 'आपली माणसं' करणार काय होती? हे मी विचारलं नाही.

पैसे असे गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये 'शोध आणि मसुदा' म्हणून १४,५००. डिसेंबरमध्ये 'पूर्ण तपशील आणि सरकारी फी' ३२,०००. जानेवारीत 'जलद परीक्षण' २१,६००. फेब्रुवारीत 'आक्षेप फी' ३८,५००. एप्रिलमध्ये 'सुनावणी आणि परीक्षक' २७,४००. सगळे युपीआयने, सगळे त्याच्या खासगी खात्यावर. एकूण १,३४,०००. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे. परीक्षणाची विनंती, म्हणजे फॉर्म १८, ४,००० रुपये. जलदवाला फॉर्म १८अ ८,०००. मसुदा लिहिणाऱ्याची मजुरी वेगळी, ती घ्यावी त्याने, कष्ट आहेत त्यात. पण सरकारच्या नावाने मागितलेल्या प्रत्येक रुपयाची सरकारी पावती मागा. पावती 'नंतर देतो' म्हणाला की चहाचे पैसेसुद्धा देऊ नका.

एवढे का दिले, तर त्याने गाजर दाखवलं होतं. एमएसएमई खात्याची देशी पेटंटला एक लाखापर्यंत परतावा देणारी योजना आहे. ती खरी आहे. 'म्हणजे काका, तुमच्या खिशातून चौतीस हजारच जातात.' पण तो परतावा पेटंट मंजूर झाल्यावर मागायचा असतो, हे त्याने गाळलं. खोट्यात निम्मं खरं कालवलेलं असलं की माझ्यासारखा हिशेबी माणूससुद्धा आकडेमोड करत बसतो.

आता तो आकडा. डिसेंबरमध्ये त्याने अर्ज क्रमांक पाठवला, बारा आकडी, २०२४२१ ने सुरू होणारा. पहिले चार आकडे वर्षाचे. पाचवा आकडा कार्यालयाचा: १ दिल्ली, २ मुंबई, ३ कोलकाता, ४ चेन्नई. बेळगावच्या माणसाचा अर्ज असेल तर तिथं ४ हवा. माझ्या क्रमांकात २ होता. मी तो कागदावर लिहून देवघराजवळ चिकटवला होता हो! आठ महिने रोज अंघोळ करून त्या दोनाकडे बघत होतो. तो क्रमांक वेबसाइटवर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात, पैसे लागत नाहीत. मी टाकला नाही. त्याने सांगितलं होतं, अठरा महिने काही दिसत नाही, गुप्त असतं. हेही निम्मं खरं. साधारण अठरा महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो, लवकर हवा असेल तर फॉर्म ९ भरून २,५०० रुपये. पण मग ज्याचं काहीच प्रसिद्ध झालेलं नाही त्याचं परीक्षण आधी कसं होईल? परीक्षणाचा नंबर प्रसिद्धीनंतरच लागतो. 'जलद' चे पैसे भरून अकराव्या दिवशी माझ्या फोनवर 'परीक्षण अहवाल' आला तेव्हा मी विचारायला हवं होतं. मी काय केलं? पेढे वाटले.

तो अहवाल आजही माझ्याकडे आहे. दीड पान. त्यात एकच आक्षेप: 'मोटरमध्ये द्रव वापरणे धोकादायक, सुरक्षिततेचे स्पष्टीकरण व शुल्क सादर करावे.' वाचताना माझ्याच डोक्यात आलं होतं, अरे, मी एकवीस वर्षं विहिरीतल्या सबमर्सिबल मोटरी रिवाइंड करतोय. त्या मोटरी आत पाणी भरलेल्याच असतात आणि बाहेरून विहिरीच्या पाण्याने गार होतात. मोटर पाण्याने थंड करणं यात नवं काय, हा पहिला प्रश्न कुठल्याही शहाण्या माणसाने विचारला असता. खरा परीक्षक जुनी पेटंटं शोधून समोर ठेवतो, म्हणतो हे यात आधीच आहे, ते त्यात आहे, तुमचं वेगळं काय ते दाखवा. पेटंट कायद्याचं कलम ३(एफ) काढतो, की ओळखीची उपकरणं नुसती मागंपुढं मांडली तर तो शोध नव्हे. माझ्या बाजूने उत्तर होतं: नुसती बॉडी नाही, आधी वाइंडिंगचं डोकं गार करायचं. ते उत्तर मी मनात तयारही केलं होतं. कुणी विचारलंच नाही, आणि मला ते बरं वाटलं. अवघड प्रश्न आला नाही म्हणून खूश झालो मी, ३८,५०० भरले. आणि एक गोष्ट लिहून ठेवा, परीक्षण अहवालाला उत्तर द्यायला सरकारी फी नसतेच. मुदत सहा महिन्यांची असते. मुदत वाढवून मागितली तरच फी.

'सुनावणी' व्हिडिओ कॉलवर झाली. टाय घातलेला एक माणूस चार मिनिटं इंग्रजी बोलला, मी तीनदा 'येस सर' म्हणालो. पुढचं सांगत नाही.

मग 'सर्टिफिकेट छपाईला आहे', 'साहेब रजेवर आहेत', मग फोन बंद. गणपतीला पुतणी आली, हुबळीला इंजिनिअरिंगला आहे. देवघराजवळचा कागद बघून तिने क्रमांक फोनवर टाकला. म्हणाली, "काका, हे कुणाचं तरी चारा कापायच्या यंत्राचं आहे." तोही मला काकाच म्हणायचा. घरात आरतीची तयारी चालली होती, मी जाऊन पडवीत बसलो.

पैशापेक्षा मोठं नुकसान पुढं आहे. 'क्रमांक मिळाला, आता बिनधास्त दाखवा' असं तो म्हणाला म्हणून मी मोटर एका औद्योगिक प्रदर्शनात मांडली, खोलून व्हिडिओ टाकला, आतल्या पोकळीची पॅटर्न दोन फाउंड्रीवाल्यांना दाखवली. अर्जाच्या आधी स्वतःच जगाला दाखवलेली गोष्ट नवी राहत नाही. सवलती आहेत, पण त्या मोजक्याच बाबतीत, आणि माझी बाब त्यात बसत नाही असं आता खऱ्या एजंटने सांगितलं. त्याने या सल्ल्याचे १,००० घेतले आणि पावती दिली, तेव्हा मला रडू आलं. शिवाय बॉडीवर मी 'पेटंट अर्ज दाखल' असे ४० स्टिकर लावले होते. अर्ज नसताना तसं लिहिणं कलम १२० खाली दंडाला पात्र आहे. म्हणजे लुटला गेलो मी आणि दोषीही मीच. रात्री दुकान बंद करून थिनर आणि ब्लेडने एकेक स्टिकर खरवडला. डिंकाचे चौकोन अजून दिसतात.

आता तक्रारीचं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी नोंद घेतली. पण हा फोन पैसे गेल्या गेल्या करायचा असतो, तरच पैसे खात्यात अडवता येतात. मी शेवटचा हप्ता देऊन साडेचार महिन्यांनी केला. खात्यात ६१२ रुपये होते. बँकेत गेलो तर म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवलेत, तुमच्याच पिनने. हे मलाही माहीत आहे हो! इकडच्या ठाण्यात गेलो तर, आरोपीचं ऑफिस कोल्हापूरचं, तिकडं जा. एसटीने तिकडं गेलो. 'ऑफिस' म्हणजे ताशी भाड्याचं टेबल निघालं. तिकडच्या ठाण्यात म्हणाले, पैसे बेळगावातून गेले, गुन्हा तिकडचा. मी म्हटलं, साहेब, १ जुलै २०२४ पासून नवा फौजदारी कायदा आहे, नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३, हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावी लागते. तर ते म्हणाले, "कायदा आम्हाला शिकवताय?" परत इकडं. इकडचे म्हणाले, हा दिवाणी मामला दिसतो, तुम्ही कामाचे पैसे दिले, काम झालं नाही. काम झालं नाही? दुसऱ्याच्या चारा यंत्राचा नंबर विकला मला! दोन राज्यांनी माझ्या जमिनीवर सत्तर वर्षं हक्क सांगितला, माझी तक्रार मात्र दोघांनाही नको. एजंट असता तर निदान रजिस्टरमधून नाव काढा म्हणता आलं असतं. ज्याचं नावच नाही त्याचं काढणार काय?

चार खेपांनंतर, वकील असलेला भाचा सोबत आला तेव्हा, इकडच्या ठाण्यात अर्ज घेतला. त्याची पोचसुद्धा मागून घ्यावी लागली. पुढच्या मंगळवारी बोलावलंय. येताना युपीआयचे सगळे व्यवहार बँकेच्या शिक्क्यासह आणायचे, आणि त्याच्याशी झालेलं मराठीतलं व्हॉट्सअॅप बोलणं छापून, कन्नडमध्ये भाषांतर करून, नोटरी करून. छापलेली ४३ पानं झाली. भाषांतरवाला पानाला २०० मागतोय.