वेष बदललेला नायक: आधी 'पिंपर्नेल' वाचावी की 'झेंडा'?

पंचवटीत लहानाची मोठी झालेल्या माझ्यासारखीला वेषांतर म्हटलं की आधी सीतागुंफाच आठवते. भिक्षेची झोळी घेऊन दाराशी आलेला गोसावी आणि त्याच्या आतला रावण. पण 'सौभद्र'मधला यतीही वेषांतरीच, आणि तो मात्र आपला लाडका. प्रेक्षकांना तो अर्जुन आहे हे ठाऊक, सुभद्रेला नाही. यंदाच्या पावसाळ्यात गंगापूर रोडवरच्या घरी आम्ही पाचजणींनी अशाच दोन जुन्या इंग्रजी कादंबऱ्या वाचल्या: बॅरोनेस ऑर्झीची 'द स्कार्लेट पिंपर्नेल' (1905) आणि अँथनी होपची 'द प्रिझनर ऑफ झेंडा' (1894). भाची म्हणाली, "मावशी, परीक्षेआधी माझी एकच वाचून होईल. कोणती घेऊ?" तिच्यासाठी हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. 'पिंपर्नेल'चं गुपित सांगितल्याशिवाय तुलना होणार नाही. ते नकोच असेल तर इथेच थांबा.

'पिंपर्नेल'चं पहिलं प्रकरण मी दोनदा वाचलं. 1792 चा सप्टेंबर, फ्रेंच राज्यक्रांतीचे दिवस, पॅरिसची वेस. सरदार-उमराव वेष पालटून पळू पाहतात आणि वेशीवरचा बिबो नावाचा सार्जंट त्यांना हेरून परत गिलोटिनकडे, म्हणजे मुंडकं उडवणाऱ्या यंत्राकडे, धाडतो. संध्याकाळी एक म्हातारी गाडी हाकत येते. चाबकाच्या मुठीला तिने मेलेल्यांच्या केसांच्या बटा बांधल्यात. नातवाला देवी आल्यात, कुणी म्हणतं प्लेग आहे, असं ती सांगते आणि तोच बिबो घाबरून चार पावलं मागे सरतो. गाडी सुटते. गाडीत कोण होतं आणि म्हातारी कोण होती, हे थोड्या वेळाने कळतं तेव्हा अंगावर काटा येतो.

पण मला या कादंबरीत खरं धरून ठेवलं ते एका नवराबायकोच्या अबोल्याने. पर्सी म्हणजेच फ्रेंच उमरावांना गुपचूप सोडवून नेणारा 'पिंपर्नेल', पण लंडनमध्ये तो कपड्यांचा शौकीन, बावळट श्रीमंत म्हणून वावरतो. बायको मार्गरीट फ्रेंच नटी, हुशार, आणि नवऱ्याच्या थंडपणाने दुखावलेली. तिच्या बोलण्यामुळे एक फ्रेंच कुटुंब गिलोटिनवर गेलं, असं त्याच्या कानावर आलेलं आहे, म्हणून तो तिच्यापासूनच सगळं लपवतो. एका रात्री गच्चीवर दोघं बोलतात, मन मोकळं होता होता राहतं. ती निघून जाते. मग तो गुडघे टेकून, तिचं पाऊल जिथे पडलं त्या पायऱ्यांचं चुंबन घेतो. तिला हे कळत नाही, फक्त आपल्याला दिसतं. आमच्यातल्या निवृत्त शिक्षिका काकू इथे पुस्तक मिटून बराच वेळ गप्प बसल्या. लग्न जुनं झालेल्या माणसाला हा प्रसंग जास्त लागतो, असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते पटलं.

खटकलं तेही सांगायला हवं. उमराव सगळे गोड आणि गरीब सगळे रक्तपिपासू, असा ऑर्झीचा हिशोब आहे. शेवटाकडे नायक एका म्हाताऱ्या ज्यूचं सोंग घेतो, तिथलं वर्णन इतक्या तुच्छतेने केलंय की ती पानं वाचताना त्रास होतो. शिवाय पिंपर्नेल कोण हे माझ्या जावेने पाचव्या प्रकरणात ओळखलं. मार्गरीटला मात्र ते निम्मी कादंबरी सरल्यावर उमगतं. "एवढी हुशार बाई आणि इतका वेळ?" ही जावेची तक्रार खोटी नाही.

'झेंडा'त असं कोडंच नाही. रुडॉल्फ रॅसेन्डिल स्वतःच गोष्ट सांगतो. रुरिटानिया नावाच्या काल्पनिक देशात राज्याभिषेकाच्या आदल्या रात्री राजाला गुंगीचं औषध पाजलं जातं आणि हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा हा इंग्रज सिंहासनावर बसतो. सोंग वठवता वठवता राजाशी जिचं लग्न व्हावं असं सगळ्यांना वाटतं त्या राजकन्येवर, फ्लावियावर, त्याचा जीव जडतो. तिचं प्रेम माझ्यावर की माझ्या अंगावरच्या नावावर, हा प्रश्न त्याला सोडत नाही. नृत्याच्या रात्री तो "मी तो..." एवढं बोलतो, आणि बाहेर खडीवर जड पावलं वाजतात. राजाचा विश्वासू कर्नल सॅप्ट येऊन उभा राहतो. वाक्य तिथेच तुटतं.

काटेकोर अर्थाने ही ऐतिहासिक नाही. यात आगगाड्या आहेत, देश मनातला आहे. इतिहासाची हौस असेल तर 'पिंपर्नेल'च घ्या. पण 'झेंडा' फक्त 22 प्रकरणांची, भाषा सरळ, दोन-तीन संध्याकाळी पुरतात. 'पिंपर्नेल' 31 प्रकरणांची आणि तिची इंग्रजी जरा सजवलेली. दोन्हींचे स्वामित्वहक्क संपलेत, त्यामुळे इंटरनेटवर फुकट मिळतात.

माझं मत 'झेंडा'कडे झुकतं. पर्सी खरं बोलला तर त्याला बायको परत मिळणार. रुडॉल्फ खरं बोलला तर हातातली राजकन्या जाणार. रुडॉल्फचं धाडस मला मोठं वाटतं. शेवट सांगत नाही, पण भाचीला मी तीच दिली. काल रात्री साडेअकराला तिचा मेसेज आला: "राज्याभिषेक झाला. आता खरा राजा कुठे गेला?"