टीपीए३११६ चा घरगुती अ‍ॅम्प्लिफायर: ऐरोलीत आठ महिने, त्यात एक अख्खा पावसाळा

संच साधा आहे. टीपीए३११६डी२ या अ‍ॅम्प्लिफायर चिपचा तयार बोर्ड, १९ व्होल्ट ४.७४ अँपिअरचा लॅपटॉप अडॅप्टर, ब्लूटूथ मॉड्यूल आणि ८ ओहमचे बुकशेल्फ स्पीकर. खाडी जवळच. रोज तीन-चार तास वाजतो आणि आवाजाबद्दल तक्रार नाही. जे बिघाड झाले ते सगळे चिपच्या बाहेरचे, त्यामुळे चिप उचकटण्याआधी खालचं तपासून घ्या.

आधी व्होल्टेजचा प्रश्न, कारण सगळे २४ व्होल्टच्या मागे लागतात. ८ ओहमला १९ व्होल्टवर कागदोपत्री २२ वॅट मिळतात, २४ व्होल्टवर ३६. आकडा भारी वाटतो, पण कानाला फरक जेमतेम २ डेसिबलचा. तेवढ्यासाठी चिपची २६ व्होल्टची मर्यादा जवळ आणायची आणि स्वस्तातला एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) लावायचा, हे पटत नाही.

नवा किंवा दुरुस्त केलेला बोर्ड पहिल्यांदा चालू करताना डीसीच्या वायरीत १० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर टाका, स्पीकर लावू नका. रेझिस्टरवर १ व्होल्टच्या आसपास किंवा कमी दिसलं, म्हणजे करंट १०० मिलिअँपच्या घरात, तर पुढे जा. रेझिस्टर लगेच तापू लागला तर वीज काढा, कुठेतरी शॉर्ट आहे. मग मल्टीमीटर डीसीवर ठेवून स्पीकरच्या दोन टोकांमध्ये मोजा: २० मिलिव्होल्टच्या आत हवं. प्रत्येक टोक ग्राउंडपासून मोजलं की साधारण निम्मं व्होल्टेज, इथे साडेनऊ, दिसतं. तो दोष नाही, ब्रिज जोडणी अशीच असते: स्पीकरची दोन्ही टोकं चिपच चालवते, एकही टोक ग्राउंडला नसतं. (चिपची मोड निवडणारी मॉडसेल पिन हाय असेल तर हा आकडा बराच कमी येतो, घाबरू नका.) एक टोक शून्य किंवा थेट १९ दाखवत असेल तरच ती बाजू गेली समजा. याच कारणाने स्पीकरची काळी वायर कधीही ग्राउंडला जोडायची नाही, आणि ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिपही तिथे लावायची नाही. अर्थिंगवाला स्कोप अडॅप्टरच्या अर्थमधून शॉर्ट करू शकतो आणि चिप क्षणात जाते.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते ब्लूटूथच्या ‘सूं’ आवाजाने. गाणं थांबलं की कीं-कीं, कनेक्ट होताना चिर्र. इनपुटला ग्राउंडशी शॉर्ट केलेला ३.५ मिमी जॅक लावला की पूर्ण शांतता, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष. मॉड्यूल आणि बोर्ड एकाच सप्लायवर असल्याने मॉड्यूलचा करंट ऑडिओच्या ग्राउंडमधून वाहतो. मॉड्यूलला बी०५०५एस हा १ वॅटचा आयसोलेटेड (दोन्हीकडचे ग्राउंड वेगळे ठेवणारा) कन्व्हर्टर दिला की आवाज गेला. नुसते कॅपॅसिटर वाढवून काही होत नाही. सेट-टॉप बॉक्स जोडल्यावर येणारी ५० हर्ट्झची घुमघुम वेगळी: केबलची कोअ‍ॅक्स वायर काढून बघा, थांबली तर ग्राउंड लूप, म्हणजे दोन उपकरणांचे ग्राउंड दोन वाटांनी जोडले गेलेत. ६००:६०० ओहमचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर लावा, प्लगची अर्थ पिन मात्र कापू नका.

गेन (सिग्नल किती पटीने वाढवायचा ते) बोर्डवर ३६ डेसिबल ठेवलेला असेल तर शांततेत सळसळ ऐकू येते. शिवाय इनपुट इम्पिडन्स ९ किलोओहमवर येतो आणि ५० किलोओहमचा पॉट (आवाजाचा नॉब) विचित्र वागतो. २६ डेसिबलला तोच ३० किलोओहम होतो. घरात तेवढा गेन पुरतो.

आउटपुट फिल्टरची कॉइल हा स्वस्त बोर्डांचा खरा घोटाळा. गाणं वाजत नसतानाही हात लावून बघा. चटका बसत असेल तर कॉइलचा कोअर हलक्या दर्जाचा आहे. १० मायक्रोहेन्री, सॅच्युरेशन करंट निदान ७-८ अँपिअर असलेली शील्डेड कॉइल आणि ०.६८ मायक्रोफॅरडचे फिल्म कॅपॅसिटर लावले की फिल्टर ६१ किलोहर्ट्झच्या आसपास बसतो आणि मोठ्या आवाजात बेस फाटायचा थांबतो.

पावसाळ्यात पॉट खरखरू लागला, आरसीए सॉकेट हिरवे पडले. बोर्डवर सोल्डरिंगचा उरलेला फ्लक्स ओल धरतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथब्रशने घासून काढणं हा दहा मिनिटांचा उपाय. त्याच दमटपणात हीटसिंकची चिकटपट्टी सुटली. अर्ध्या तासाने आवाज एकदम बंद, वीज बंद-चालू केली की पुन्हा सुरू, असं होत असेल तर हेच कारण. ३११६ चा थर्मल पॅड (उष्णता बाहेर देणारा धातूचा भाग) वरच्या बाजूला असतो, म्हणून पेस्ट लावून सिंक स्क्रूने आवळा. टीपीए३११८ या भावंड चिपमध्ये पॅड खाली असतो, तिथे वरून सिंक लावण्यात फारसा अर्थ नाही.

बंद करताना येणारा ‘टप्प’ आवाज चिप बंद करणारी एसडीझेड पिन आधी ग्राउंडला नेणाऱ्या छोट्या स्विचने गेला. रेडिओच्या मीडियम वेव्हवरची खरखर मात्र अजून आहे. चिपचं स्विचिंग ४०० किलोहर्ट्झपासून पुढे चालतं, त्याचे हार्मोनिक त्याच पट्ट्यात येतात. धातूचा डबा लावून फरक पडला तो थोडाच. आकाशवाणी ऐकायची असेल तर अ‍ॅम्प्लिफायर बंद ठेवावा लागतो.