सोनेरी नांगर दाखवून विकलेली युरेनिया

तळाशी जहाजाच्या सोनेरी नांगराची खूण आहे म्हणजे पुतळी चेल्सीचीच, लंडनच्या अठराव्या शतकातल्या पोर्सिलेन (उंची चिनी माती) कारखान्याची, असं सांगून कुणी जुनं इंग्लिश पोर्सिलेन विकत असेल तर लगेच पैसे देऊ नका. इंग्लंडमधल्या एका अँटिक फेअरमध्ये याच नांगराच्या जोरावर माझ्याकडून १,८०० पौंड उकळले गेले.

पुतळी युरेनियाची होती. ग्रीकांच्या नऊ म्यूझपैकी, म्हणजे कला-विद्यांच्या देवतांपैकी, ही खगोलशास्त्राची. लेकीची त्याच विषयात पीएचडी झाली, तिला द्यायला याहून चांगलं काय? हातात आकाशगोल, फुलाफुलांचं वस्त्र, बैठकीवर सोनेरी वेलबुट्टी. शेजारच्या चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलं होतं: ‘चेल्सी, सुमारे १७६५, निर्दोष’. विक्रेता अडाणी नव्हता. चेल्सीचा कारखाना चालवणारा निकोलस स्प्रिमाँट, १७७० मध्ये डर्बीच्या विल्यम ड्यूसबरीने विकत घेतलेला तो कारखाना, सगळं त्याने बिनचूक सांगितलं. खोटं बोलला ते फक्त समोरच्या वस्तूबद्दल. कार्डाचं मशीन बंद आहे, बँक ट्रान्सफर केलंत तर शंभर पौंड कमी घेतो, म्हणाला. पावती त्याने घडी घालून पिशवीत सरकवली. तिच्यावर ना चेल्सीचं नाव, ना साल. ‘पोर्सिलेनची पुतळी, सोनेरी नांगराची खूण’, एवढंच.

विम्यासाठी किंमत काढायला एका जाणकार बाईंकडे गेले तेव्हा प्रकार उघड झाला. त्यांनी आधी नांगरच दाखवला. चेल्सीचा अस्सल नांगर जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा आणि बहुतेक वेळा मागे कुठेतरी, शोधावा लागेल असा. माझ्या पुतळीवरचा बोटाच्या पेराएवढा, मधोमध. मग माती. पोर्सिलेनच्या मातीचे दोन प्रकार; चेल्सीची ‘सॉफ्ट पेस्ट’. तिची झिलई मऊ, रंग तिच्यात थोडे मुरतात. ही निघाली ‘हार्ड पेस्ट’: करडट पांढरी, हाताला गार, रंग वर बसलेले. एका फुलाची पाकळी टवकली होती, तिथे भिंगातून काचेसारखी गुळगुळीत कड दिसली. सॉफ्ट पेस्ट तुटली की रवाळ दिसते. अतिनील टॉर्चखाली मान आणि आकाशगोल धरलेला हात वेगळेच चमकले. दोन्ही तुटून जोडलेले, वरून रंगवलेले.

पॅरिसमध्ये १८४५ साली सुरू झालेल्या सॅमसनच्या कारखान्यात चेल्सी, डर्बी, जर्मनीतलं माइसन अशा अनेक कारखान्यांच्या नकला बनत. सोनेरी नांगर इतरही बऱ्याच जणांनी काढला. माझी पुतळी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, त्याच जातकुळीतली. अशा नकलांनाही घेणारे असतात आणि त्यात गैर काही नाही. पण तिची किंमत, त्या बाईंच्या मते, फार तर दीडशे पौंड.

विक्रेता आता म्हणतो, मी ‘चेल्सी शैली’ म्हणालो होतो. पण चिठ्ठीसकट पुतळीचा फोटो माझ्याकडे आहे. नवऱ्याला पाठवायला तिथेच काढला होता. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे व्यापाऱ्याने विकलेली वस्तू तिच्या वर्णनाशी जुळलीच पाहिजे. नाही जुळली तर ३० दिवसांत ती नाकारून पूर्ण पैसे मागता येतात. क्रेडिट कार्डाने पैसे गेले असते तर १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम ७५ खाली कार्ड देणारी बँकही बांधील झाली असती. म्हणूनच मशीन ‘बंद’ होतं, असं मी ठामपणे म्हणते.

इथे ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींना कळकळीने सांगते: कारखान्याचं नाव, अंदाजे साल आणि झालेली डागडुजी पावतीवर लिहून मागा. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर तिथून निघा. घेण्याआधी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये एक दुपार घालवा. प्रवेश मोफत आहे आणि अस्सल चेल्सी काचेपलीकडून का होईना, डोळे भरून बघता येते. तो मऊसर दुधी रंग एकदा नजरेत बसला की करडटपणा खटकतो.

वस्तू नाकारल्याचं पत्र मी मुदतीत पाठवलं आहे, सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारही केली आहे. विक्रेत्याने फोन उचलणं बंद केलंय. पुढचं पाऊल स्मॉल क्लेम्सचा, म्हणजे कोर्टात छोट्या रकमेसाठी करायचा, दावा. चिठ्ठीचा फोटो, ती पावती आणि बाईंचा लेखी अहवाल जोडून तयार आहे.